यूरिक अम्ल आणि रक्तातील मेद : एका संबंधाचा इतिहास

यूरिक अम्ल आणि कोलेस्टेरॉल या दोन द्रव्यांचा परिचय शास्त्रज्ञांना प्रथम रक्तात नव्हे, तर खड्यांत झाला. शेले याने १७७६ मध्ये मूत्राशयातील खड्यांतून पहिले वेगळे केले. त्याचे आरंभीचे ‘लिथिक’ हे नाव दगडवाचक ग्रीक शब्दावरून पडले. दुसरे पित्तखड्यांत सापडले. शेव्ररल याने १८१६ मध्ये त्यास ‘पित्त’ व ‘घन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ‘कोलेस्टेरिन’ म्हटले.

रक्तात दोहोंची गाठ पडावयास बराच काळ जावा लागला. गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक अम्ल वाढलेले असते, हे गॅरड याने १८४८ मध्ये दाखविले. हा विकार सुखवस्तूंचा, ही समजूत जुनीच होय. चरकसंहितेतील वातरक्त म्हणजे गाऊटच, असे सरसकट म्हणता येत नाही. परंतु त्याचे ‘आढ्यवात’, म्हणजे धनिकांचा वात, हे पर्यायनाम तशाच समजुतीची साक्ष देते.

१९८८ मध्ये रीव्हन याने इन्सुलिन-प्रतिरोधाचे सूत्र मांडले. रक्तात इन्सुलिन वाढले की मूत्रपिंडे यूरिक अम्ल कमी बाहेर टाकतात. प्रतिरोधामुळे यकृतातून ट्रायग्लिसराइडेही अधिक स्रवतात. प्रौढांत ही दोन्ही बहुधा बरोबरीने वाढलेली आढळतात, त्याचा उलगडा यातून बराचसा होतो.

तथापि साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. ‘आढ्य’ या विशेषणाने रोगाचे मूळ राहणीत शोधले होते; आधुनिक संशोधनही दोन आकड्यांमागील तिसऱ्या कारणाकडेच वळले आहे.