टँगोचे माहेर कोणते?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. नाचाचे मूळ मात्र अवश्य शोधावे, असे मला वाटते. आणि ज्याचे मूळ विसरले गेले, त्याचे तर शोधलेच पाहिजे. टँगो हा असाच एक नाच होय.

टँगो म्हटले की काळ्या सुटातला गोरा पुरुष आणि उंच टाचांचे बूट घातलेली गोरी स्त्री असे सिनेमातले चित्र डोळ्यांपुढे येते. पण ज्यांनी या नाचाला ताल दिला, ती माणसे या चित्रात कोठेच दिसत नाहीत.

दक्षिण अमेरिकेत रिओ दे ला प्लाता नावाचे विशाल नदीमुख आहे. त्याच्या एका तीरावर अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स, तर दुसऱ्या तीरावर उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ. स्पॅनिश अमलात या बंदरांत आफ्रिकेतून, विशेषतः काँगो-अंगोलाकडून, धरून आणलेली माणसे गुलाम म्हणून विकली जात. १७७८ च्या खानेसुमारीत ब्युनोस आयर्स शहरात दर दहा माणसांत सुमारे तीन आफ्रिकी वंशाची होती. सधन घरांतला स्वयंपाक, धुणे आणि मुलांचा सांभाळ या समाजाच्या स्त्रियाच करीत.

भगिनींनो, या लोकांचीही मंडळे होती! वर्गणी जमवून ती गुलाम बांधवांची सुटका विकत घेण्यास मदत करीत. सुटीच्या दिवशी सारे जमून ढोलाच्या तालावर नाचत. त्या नाचाला कांदोंबे म्हणतात. अधिकाऱ्यांनी त्यावर वारंवार बंदी घातली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘टँगो’ हा शब्द काळ्या लोकांच्या अशा नाचाच्या मेळाव्यांसाठीच वापरला जाई.

अर्जेंटिनात १८१३ साली गुलाम आईच्या पोटी जन्मणारी मुले स्वतंत्र ठरली आणि १८५३ च्या घटनेने गुलामगिरीच रद्द केली. पुढे इटली व स्पेनमधून लाखो लोक कामधंद्यासाठी आले. गरीब वस्त्यांत सर्वांचीच सरमिसळ झाली. व्हेंतुरा लिंच याने १८८३ साली लिहून ठेवले आहे की, शहरातले उनाड तरुण काळ्या लोकांच्या नाचाची थट्टा म्हणून मिलोंगा नाचत. थट्टेने उचललेली चाल अंगवळणी पडली! युरोपातला जोडीचा नाच, जर्मनीहून आलेले बँडोनिऑन वाद्य आणि आफ्रिकी ताल व लचक यांतून टँगो घडला. १८९७ साली ‘एल एन्त्रेरियानो’ हा गाजलेला टँगो रचणारे रोसेन्दो मेंदिसाबाल हे आफ्रिकी वंशाचेच पियानोवादक होते.

आरंभी प्रतिष्ठित घरांत या नाचाला मज्जाव होता. १९१३ च्या सुमारास पॅरिसला त्याचे वेड लागले, तेव्हा तो मायदेशीही सभ्य ठरला. मान मिळाला, पण मूळ मालकांचे नाव मागे पडले. आमच्या देशात काळे लोक नाहीतच, असेही तेथे सर्रास म्हटले जाई. २०१० च्या खानेसुमारीत मात्र सुमारे दीड लाख लोकांची आफ्रिकी वंशाचे म्हणून नोंद झाली. त्यापूर्वी २००९ साली युनेस्कोने टँगो आणि कांदोंबे या दोन्हींना मानवजातीच्या वारशात स्थान दिले होते.

नाचाचा इतिहास हवा कशाला, असे कोणी विचारील. गुलामांना बखरी लिहिता आल्या नाहीत. त्यांच्याविषयीचे कागद बहुधा मालकांनी व सरकारने लिहिले; त्यांत सापडतात विक्रीच्या नोंदी आणि नाचबंदीचे हुकूम. त्या माणसांना आनंद कशात होता, ती एकमेकांना धीर कसा देत, हे त्या कागदांत नाही. ते ढोलाच्या तालात आणि पायांच्या चालीत उरले. आईने लेकीला दाखवावे, तसे ते एका पिढीने दुसरीला दिले.

रांधणारी वेगळी आणि वाहवा दुसऱ्याचीच, हा अनुभव आपणा बायकांना काही नवा नाही. म्हणून टँगो पाहताना त्याची वाहवा जरूर करावी. पण तो प्रथम कोणाच्या अंगणात नाचला गेला, हेही आपल्या मुलांना सांगावे.