पेरभर शिपायांची तारीख

उर्दूत 'तारीख' या एकाच शब्दात इतिहासही येतो आणि दिनांकही. मराठीने त्यातला दिनांक तेवढा घेतला. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवून घरी-दारी मराठी व मालवणी बोलणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा फरक नेहमी जाणवतो. परीक्षेसाठी मुले दिनांक पाठ करतात. त्या दिनांकाला आपला कोणी तिथे होता का, हा प्रश्न मात्र वर्गात येत नाही. तो आणावा म्हणून आम्ही एक वेगळा मार्ग धरला. पुस्तकातली लढाई टेबलावर मांडायची आणि तिच्यातले सैन्य आपल्या हाताने बनवायचे.

छोट्या सैन्यांची लढाई हा पाश्चात्त्य देशांत मोठा छंद आहे. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली या खेळाचे नियम 'लिटल वॉर्स' नावाच्या पुस्तकात छापले. दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांतल्या वसाहतींच्या लढायांना त्यात खास मागणी असते. १९१९चे तिसरे अफगाण युद्ध, १९२०चा इराकचा उठाव, मोरोक्कोतल्या रिफ टोळ्यांचे युद्ध, १९३६ नंतरची वझिरीस्तानची मोहीम, अशी ती यादी आहे. खेळणाऱ्यांना त्यात गंमत वाटते, कारण एका बाजूला विमान आणि चिलखती मोटार असते, तर दुसऱ्या बाजूला घोडा नि जुनी बंदूक. या खेळातला हिंदी शिपाई तिकडचा छंदी माणूस भिंग लावून रंगवतो. त्याच्या पगडीचे वेढे मोजतो. आपण मात्र त्या शिपायाचे गावही विचारलेले नसते.

प्रतिकृती बनवणे आपल्याला नवे नाही. घाटावर आणि मुंबईत दिवाळीला मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात. आमच्या मालवण-सावंतवाडीकडे नरकासुर उभा राहतो. महाराष्ट्रात गावोगाव मोहरमला बांबू नि कागदाचा ताबूत बनतो. तो ताबूत म्हणजे करबलाच्या रौज्याची छोटी प्रतिकृतीच. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी आणि गंजिफा करत आले आहेत. गंजिफा इराणकडून मोगलांबरोबर आला. 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजलने त्यातले अश्वपती, गजपती, गढपती, नावपती असे रंग सांगितले आहेत. म्हणजे घोडदळ, हत्ती, गड आणि आरमार हातात मावतील एवढे करून खेळण्याची रीत चारशे वर्षांपूर्वीही होती. ती रीत आमच्या जिल्ह्यात दशावतारी गंजिफाच्या रूपाने टिकली.

काही घरांतून शंका येते की, सजीवांच्या आकृती बनवणे जायज आहे का. उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत आणि त्यांचा आदर राखलाच पाहिजे. परंतु अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांचा उल्लेख आहे. त्या बाहुल्यांत कापडी पंखांचा एक घोडा होता आणि तो पाहून रसूलल्लाह (स.) हसले, असे त्यात आले आहे. मुलांच्या शिकण्या-खेळण्याची वाट अगदीच बंद नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

आता लढाई कोणती निवडावी? आमच्या किनाऱ्याचा संबंध ज्या परमुलखाशी सर्वांत जवळचा आला तो मुलूख म्हणजे इराक, तेव्हाचा मेसोपोटेमिया. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५पासून वेढा चालला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. सावंतवाडीचे राजे बापूसाहेब महाराज हेही त्या युद्धात मेसोपोटेमियात होते. महायुद्ध संपले तरी फौज परतली नाही. एप्रिल १९२०मध्ये सान रेमोच्या परिषदेत इराकचा ताबा ब्रिटनला देण्याचे ठरले आणि दोन महिन्यांत तिथे उठाव झाला. त्या उठावाचे पहिले ठाणे रुमैथा. त्या ठाण्यात वेढले गेलेले शिपाई ११४व्या मराठा पलटणीचे आणि ९९व्या इन्फन्ट्रीचे होते. म्हणून आम्ही रुमैथा निवडले.

घटना थोडक्यात अशी. रुमैथा हे फुरात नदीच्या खोऱ्यातले, बसरा-बगदाद रेल्वेवरचे गाव. तिथल्या जवालिम टोळीचा शेख शालान अबुल-जौन याला ३० जून १९२० रोजी ब्रिटिश अधिकाऱ्याने अटक केली. निमित्त होते शेतीसाठी घेतलेल्या सरकारी कर्जाची थकबाकी. त्याच दिवशी टोळीच्या माणसांनी त्याला सोडवून नेले, रेल्वेचे रूळ उखडले आणि ठाण्याला वेढा पडला. सोडवायला आलेली पहिली तुकडी मागे हटली. अखेर २० जुलैला मोठ्या फौजेने वेढा उठवला. तोवर उठाव फुरातच्या काठाने पसरला होता. २४ जुलैला हिल्ल्याजवळ मँचेस्टर पलटणीच्या तुकडीचा धुव्वा उडाला. तिथे हाती लागलेल्या तोफेने बंडखोरांनी पुढे कुफ्याजवळ 'फायरफ्लाय' ही लढाऊ बोटच निकामी केली.

सैन्य बनवताना हिशेबापासून सुरुवात करावी लागते. साडेपाच फुटी माणूस साठपट लहान केला की सुमारे अठ्ठावीस मिलिमीटर भरतो, म्हणजे बोटाच्या पेराएवढा. त्याची ली-एनफिल्ड बंदूक खरी साडेचव्वेचाळीस इंचांची; ती एकोणीस मिलिमीटरची होते. शाडूची बंदूक सुकताच मोडते. माडाच्या झावळीचा हीर तासून केलेली बंदूक टिकते. माणसे पांगाऱ्याची कोरावीत, वर चिंचोक्याची खळ नि खडूची पूड लावून मग रंग द्यावा. खाकी सदरा, अर्धी विजार, पायाला पट्ट्या. खजुरीच्या झाडांना झावळीचीच पाती चालतात. गणित, हस्तकला आणि इतिहास असे तीन तास त्यात निघतात.

खरी अडचण पगडीपाशी येते. इंग्रजी अमदानीतल्या फौजेत पगडीच्या बांधणीवरून शिपायाची जात-जमात कळायची. मॅकमन या लेखकाचे आणि लव्हेट या चित्रकाराचे 'द आर्मीज ऑफ इंडिया' हे १९११चे पुस्तक या कामी उपयोगी पडते. मग प्रश्न येतो, मराठा पलटणीत पगड्या किती प्रकारच्या? नावावरून वाटते, एकाच. पण महायुद्धापूर्वीच्या मराठा पलटणींची रचना पाहिली तर आठ कंपन्यांपैकी साधारण सहा मराठ्यांच्या आणि दोन दखनी मुसलमानांच्या असत. लष्कराने १९०८ साली भरतीच्या अधिकाऱ्यांसाठी मेजर बेथम यांच्याकडून माहितीपुस्तक लिहून घेतले, त्याचे नावच 'मराठे आणि दखनी मुसलमान' असे आहे. दोघांसाठी पुस्तक एकच. साडेसातशेची पलटण छत्तीस बाहुल्यांत मांडली, तर त्यातले सत्तावीस मराठे आणि नऊ मुसलमान येतात. भागाकार मुलेच करतात. उत्तर आले की वर्गात जी शांतता पसरते ती कोणत्याही भाषणाने पसरत नाही. मराठा पलटणीत आपणही होतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आणि महार बांधवांना १९१७मध्ये १११वी पलटण मिळाली व १९२१मध्ये ती मोडली गेली, हेही कोणी सांगितलेले नसते. कोण लढवय्या आणि कोण नाही, हे सरकार आपल्या सोयीने ठरवीत होते.

इथपर्यंत अभिमान पुरतो. पण टेबलाला दुसरी बाजू असते.

दुसऱ्या बाजूची माणसे बनवायला घेतली की हात अडखळतो. अबा, डोक्यावर रुमाल नि त्यावर अगाल, हातात तुर्की बंदूक. हे लोक कोण? कर्जाच्या बाकीपायी पकडलेल्या शेखची माणसे. आपल्याकडे त्या कर्जाला तगाई म्हणत आणि तगाईच्या जप्तीची दहशत कोकणातल्या कोणत्या कुळाला ठाऊक नव्हती? इराकात तेव्हा व्यवहारात हिंदुस्थानी रुपयाच चालत होता. त्याच रुपयात हिंदी शिपायाला १९१४ साली महिना अकरा रुपये पगार होता. खोताचे देणे फेडायला शिपाई झालेला माणूस आणि सरकारी देण्यापायी बंदूक उचललेला माणूस एकमेकांवर नेम धरून उभे होते. दोघांचे देणे रुपयांतच होते.

शिवाय त्या दुसऱ्या बाजूमागे करबला होती. ज्या करबलाची प्रतिकृती आपण ताबुतात करतो, तिथूनच आयतुल्लाह मुहम्मद तकी शिराझी यांनी हक्कांसाठी प्रतिकार करण्यास फतव्याने मान्यता दिली होती. त्या वर्षीच्या रमजानात बगदादच्या मशिदींत सुन्नी आणि शिया यांनी मौलूद आणि ताजियाचे जलसे एकत्र केले. इराकी लोक त्या उठावाला 'थौरत-उल-इश्रीन', म्हणजे विसाची क्रांती म्हणतात. आपल्या क्रमिक पुस्तकांत तिला जागा नाही.

इकडे हिंदुस्थानात काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहावे. रुमैथाचा वेढा उठल्यानंतर बाराव्या दिवशी, १ ऑगस्ट १९२० रोजी, असहकाराची चळवळ सुरू झाली. त्याच दिवशी मुंबईत लोकमान्य टिळक गेले. खिलाफतीच्या सभांत हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून बसत होते. जुलै १९२१मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेने ठराव केला की, इंग्रजी फौजेत नोकरी करणे मुसलमानाला हराम आहे. त्या ठरावाबद्दल मौलाना मुहम्मद अली, शौकत अली आणि इतरांवर खालिकदिना हॉलमध्ये खटला चालला आणि दोन-दोन वर्षांच्या सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या. शिपायांतही खळबळ होती. १९१६मध्ये बसऱ्याला १५व्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी पवित्र स्थळांच्या रोखाने तुर्कांवर चालून जाण्यास नकार दिला होता. शेकडो स्वारांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. म्हणजे नकार देता येत होता, पण त्याची किंमत अशी होती.

या लढाईची गोष्ट सांगण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. एक म्हणते, आपले पूर्वज शूर होते, बिरुदे मिळवली. दुसरी म्हणते, ते साहेबाचे भाडोत्री होते, आपल्याच भावांवर गोळ्या झाडल्या. दोन्ही रीतींत आपल्याला विचार करावा लागत नाही. टेबलावर मात्र प्रत्येक बाहुलीला कुठेतरी उभे करावे लागते. नऊ मुसलमान शिपाई मातीच्या ठाण्यात आणि समोर खजुरीआड मुसलमान टोळी. दोघांचा किब्ला एक. त्यांच्यामध्ये सत्तावीस मराठे, ज्यांच्याबरोबर त्या नऊ जणांनी भूक काढायची आहे. यातला शत्रू कोण, असे विचारले तर मुले प्रथम एकमेकांकडे पाहतात. नंतर एखादा म्हणतो, ज्याने दोघांना तिथे आणले तो टेबलावर दिसतच नाही. तो लंडनमध्ये आहे.

त्या वर्षाचा हिशेब सेनापती हाल्डेनने लिहून ठेवला आहे. सरकारी फौजेचे मृत ४२६ आणि जखमी १,२२८. अरबांकडचे मृत व जखमी मिळून अंदाजे ८,४५०. एका बाजूची मोजदाद माणसागणिक, दुसऱ्या बाजूचा नुसता अंदाज. पण आपल्या शिपायांचेही काही फार बरे झाले नाही. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. १९९७मध्ये ते स्मारक सद्दामच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेले गेले.

तरीही नावे अगदीच हरवलेली नाहीत. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगाने ४ ऑगस्ट १९१४पासून ३१ ऑगस्ट १९२१पर्यंतचे मृत्यू महायुद्धातले मानले आहेत. म्हणजे १९२०च्या उठावात पडलेले शिपाईही त्याच नोंदींत येतात. त्या नोंदींत पुष्कळ ठिकाणी शिपायाच्या बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. आमच्याकडची गावे शोधताना जिल्हा 'रत्नागिरी' धरावा लागतो, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. मराठा पलटणींचे वंशज असलेले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आजही बेळगावला आहे, आंबोली घाट चढून गेले की काही तासांवर.

बाकीचे काम घरातल्या ट्रंकेत आहे. जुने पदक, पेन्शनचा कागद, 'बसऱ्याचा' म्हणून ओळखला जाणारा एखादा तांब्या किंवा तसबीह. मुलांना आम्ही सांगतो, आपल्या आजीला विचारा, नन्नाला विचारा, शेजारच्या परब-सावंतांच्या घरीही विचारा. पूर्वजांचा निवाडा करण्यापूर्वी त्यांचे नाव तरी आपल्याला ठाऊक असावे. नाव सापडले तर ते बाहुलीच्या बैठकीखाली लिहायचे आणि समोरच्या रांगेतही निदान एक नाव लिहायचे : शालान अबुल-जौन, शेतकरी, तगाईचा बाकीदार.