आडनावातलं पाऊसपाणी

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कमिटीचा आग्रह झाला. माझी नोकरी बँकेत गेली. नावं, सह्या आणि खाती यांतच आयुष्य गेलं. तेव्हा आडनावांवरच लिहितो, तीही हवापाण्याच्या.

पावसकर म्हटलं की वाटतं, पावसाशी नातं असणार. तसं नाही बघा. रत्नागिरीच्या दक्षिणेला पावस हे गाव आहे, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळे प्रसिद्ध. तिथले ते पावसकर, जसे आष्ट्याचे आष्टेकर. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव लावायची गरज नसते. गाव सोडलं की ते चिकटतं. म्हणून पावसकर आपल्याला कराडात आणि मुंबईत भेटतात.

विदर्भात उलटा प्रकार. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे) अशी गावं आहेत. सावंगी, बोरगाव नावाची गावं तिकडे पुष्कळ. हे कोणतं, ते मागच्या मेघे या आडनावावरून कळतं. पावसकरांना गावानं नाव दिलं, इथं आडनावानं गावाची ओळख दिली.

ढगे, पावसे, उन्हाळे, हिवाळे यांना ‘कर’ नाही. अशी आडनावं बहुधा टोपणनावातून आली असावीत. पूर्वी गावात अमक्याचा तमका एवढं सांगितलं तरी भागायचं. पुढे शाळेचा दाखला आणि जमिनीचे कागद आले, तसं तोंडी नाव कागदावर पक्कं झालं.

पण कागदही घोटाळा करतो. माझ्या आईचं माहेर ढग्यांचं. बँकांत कॉम्प्युटर आले आणि मामांचं नाव खात्यावर इंग्रजीत गेलं. ते परत मराठीत आलं ते ‘धागे’ होऊन! सातबाऱ्यावर ढगे, पासबुकावर धागे. मामा गेल्यावर दोन्ही माणसं एकच, हे सिद्ध करायला मामींना प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्यात चार महिने गेले. पैसे त्यांचेच, पण तोवर औषधपाणी उसनवारीवर.

आईचं ढगे तर कोणत्याच कागदावर उरलं नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं ठरलं आहे. चांगलं झालं. पण तिच्या माहेरच्या आडनावाला तिथंही जागा नाही.

म्हणून कमिटीला एक सूचना. सभासदांच्या रजिस्टरबरोबर एक साधी वही ठेवावी. प्रत्येक घरानं आपलं मूळ गाव, आडनावाची खरी मराठी जोडणी आणि घरातल्या प्रत्येक सुनेचं माहेरचं आडनाव त्यात लिहावं. आडनाव कुठून आलं, हे घरातल्या थोरांना आजच विचारून घ्या. आम्ही आहोत तोवर सांगू. नंतर नुसत्या उच्चारावरून अर्थ लावत बसलात, तर पावसकरांच्या घरीही पाऊसच शोधाल.