जुना टिलर आणि आबांची पहार

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी हात ग्रीसने इतके काळे होते की कीबोर्डला लावायची सोय नव्हती :)

गेल्या वर्षी आबांनी शेवटची बैलजोडी विकली. गुडघे साथ देईनात. साताऱ्याकडे आमची वीस गुंठे भाजीची जमीन, आणि मी पुण्यात. त्यांचं रान पडीक राहू नये म्हणून मी जुन्यातला एक छोटा पेट्रोल टिलर आणला. आणला तेव्हा चालला, पण चार महिने गोठ्यात पडून राहिला आणि रुसला. चोक दिला की सुरू व्हायचा, चोक काढला की बंद! दोरी ओढून ओढून खांदा गेला.

चोक हवा कमी करतो. हवा कमी केल्यावरच इंजिन चालतंय, म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटर खोलला. खालच्या वाटीत पिवळा चिकट थर, जेटचं भोक बुजलेलं. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते ओल धरतं. वायरीतला तांब्याचा एक तंतू जेटमधून फिरवला, वाटी धुतली, प्लगची काजळी घासून फट ०.७ मिलिमीटर केली.

हे करताना प्रश्न पडला, हे फिरणारं नांगरणं सुचलं कोणाला?

ऑस्ट्रेलियात. न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा गावी आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड नावाचा मुलगा होता. १९१२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने वडिलांच्या शेतावरच्या वाफेच्या ट्रॅक्टरची ताकद मशागतीच्या तव्यांना जोडून ते फिरवले. नेहमीच्या नांगरटीत माती दाबली जाते, तशी इथे दबली नाही. पण फिरणारे तवे माती बाजूला उडवायचे. मग त्याने लहान व्यासाच्या फिरत्या दांड्यावर एल आकाराची पाती बसवली. तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं आणि काम थांबलं. युद्धानंतर त्याने यंत्राला पेट्रोलवर चालणारं इंजिन दिलं आणि १९२० मध्ये पेटंट घेतलं. १९३८ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि तिथे एसेक्समध्ये कारखाना उभा राहिला. त्याच्या यंत्राचं नाव रोटावेटर. इंग्रजीत ते उलटं वाचलं तरी तेच राहतं! आज आपल्याकडे ट्रॅक्टरमागच्या अवजाराला शेतकरी हेच नाव घेतात, जणू ते मराठीच.

हे सगळं मी आबांना उत्साहाने सांगितलं. तिसऱ्या ओढीला इंजिन धडधडलं होतं, त्यामुळे मी खुशीत होतो. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरानं माती दबू नये म्हणून केलं व्हय? मग पहार आण."

दरवर्षी ट्रॅक्टरचा रोटावेटर फिरतो त्या शेजारच्या रानात त्यांनी पहार रोवली. वर माती पिठासारखी मऊ, आणि वीतभर खाली ठक्क! पहार पुढे जाईना. आमच्या रानात ती दीड हात गेली. "वरचं पीठ झालं आन् खाली पाट बसला, तर पाणी मुरंल कुठं?"

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. पाती रोज त्याच खोलीवर फिरतात, त्याच्या खालचा थर घट्ट होत जातो, हे नंतर वाचलं. माती दबू नये म्हणून निघालेल्या माणसाचं यंत्र, आणि दाब फक्त एक थर खाली सरकला.

मग आमचं ठरलं. टिलर फक्त वाफ्यांमधल्या तणाला, आणि तोही उथळ. उन्हाळ्यात एकदा कोणाचे तरी बैल सांगून खोल नांगरट करायची. आबा स्वतः बांधावर बसून बघणार. बैल विकल्यापासून ते त्या बाजूला जात नव्हते, या वैशाखात गेले.

असो. तुमच्याकडे टिलर असेल तर पेट्रोल काढूनच ठेवा. आणि रानात एकदा पहार रोवून बघा.