विजेवाचून गिटार

रॉक संगीत म्हणजे विजेच्या गिटारींचा कल्लोळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मग याच गायकांनी साधी लाकडी गिटार हाती घेण्याचा प्रघात पाडला कोणी? सप्टेंबर १९८९ मध्ये एम.टी.व्ही.च्या पुरस्कार सोहळ्यात जॉन बॉन जोव्ही व रिची सॅम्बोरा केवळ दोन साध्या गिटारींवर गायले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला त्या वाहिनीची ‘अनप्लग्ड’ मालिका सुरू झाली. म्हणून श्रेय बहुधा त्या दोघांना दिले जाते.

आम्हांस मात्र हे मूळ दहा वर्षे मागे दिसते. जून १९७९ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या मदतीसाठी लंडनमध्ये कार्यक्रम झाला. रंगमंचावर गिटारी फोडण्याबद्दल ख्यात असलेले ‘द हू’चे पीट टाऊनशेंड तेथे साध्या गिटारीवर गायले.

या प्रथेचे सामर्थ्य पुढे उमगले. मार्च १९९१ मध्ये एरिक क्लॅप्टन यांचा चार वर्षांचा मुलगा अपघातात दगावला. जानेवारी १९९२ मध्ये इंग्लंडमधील ‘अनप्लग्ड’ मैफलीत त्यांनी खुर्चीवर बसून, हलक्या आवाजात त्याच्या आठवणीचे गीत गायले. एका पित्याचा शोक जगाला ऐकू जाण्यास तेवढा आवाज पुरेसा ठरला.