थरावर थर : अ‍ॅक्रिलिक रंगाची कुळकथा

वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथून अजिंठ्याकडे सरळ रेघ ओढली तर ती आजच्या बुलढाणा जिल्ह्यातून जाते. पाचव्या शतकात याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. तिथल्या चित्रकारांनी रंगाला हात घालण्याआधी भिंत घडवली. कातळावर मातीचा गिलावा, त्यात साळीचा तूस, वनस्पतींचे धागे आणि वाळू. वर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर लाल-पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्दाचा निळा. चित्र म्हणजे थरांचे बांधकाम, ही समज या मुलखात इतकी जुनी आहे. मातीच्या घराला पांढऱ्या मातीचा हात देणाऱ्या आणि जमीन सारवणाऱ्या बायकांनी ती आजवर सांभाळली. जाड, उठावदार, हसऱ्या अ‍ॅक्रिलिक चित्रांची कुळकथा म्हणूनच भिंतीपासून सांगायला हवी.

कोणत्याही रंगात दोन घटक असतात. एक रंगाची पूड, दुसरा ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ. घराणी वेगळी झाली ती चिकट पदार्थामुळे. अजिंठ्यात सरसासारखे द्रव्य होते, जलरंगात डिंक आला, तैलरंगात जवसाचे तेल. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाले आणि पुढे तैलरंग आपल्याकडे मानाचा ठरला. पण जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेत घेत सावकाश घट्ट होते. वर साय धरते, आतला थर ओलाच राहतो. जाड थर पूर्ण सुकायला महिने जातात, घाई केली तर सुरकुत्या आणि चिरा पडतात. भिंतीवर सकाळी एक हात, दुपारी दुसरा, ही मोकळीक तैलरंगात उरली नाही.

ती परत मिळाली रसायनशाळेतून. ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली अ‍ॅक्रिलिक आम्लापासून बनणाऱ्या पदार्थांवर प्रबंध लिहिला. ऑटो हास यांच्यासह त्यांनी १९०७ मध्ये कंपनी काढली. १९३३ मध्ये त्याच कुळातली सहज न फुटणारी पारदर्शक काच बाजारात आली. चित्रकारांची गरज मात्र वेगळी होती. मेक्सिकोचे भित्तिचित्रकार डेव्हिड सिकेरोस यांना ऊन-पाऊस सोसणारा रंग हवा होता. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी प्रयोगशाळेसारखी कार्यशाळा उघडली आणि मोटारींना मारायचे कारखानी रंग चित्रांसाठी वापरून पाहिले. तरुण अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक तिथे शिकायला होता. मेक्सिकोतल्या संशोधकांनी हा शोध पुढे अ‍ॅक्रिलिकपर्यंत नेला.

१९५३ मध्ये अमेरिकेत घराच्या भिंतींसाठी पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक आले आणि १९५५ मध्ये सिनसिनाटीच्या हेन्री लेव्हिसन यांनी त्याच जातीचा रंग चित्रकारांसाठी तयार केला. सुरुवातीचा रंग पातळ होता. साठच्या दशकात श्रीखंडासारखा घट्ट रंग निघाला आणि सुरीने ओढलेली रेघ जशीच्या तशी उभी राहू लागली.

या रंगाचे वागणे समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात अ‍ॅक्रिलिकचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडाले की कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि लवचीक पापुद्रा तयार होतो. पुन्हा पाणी लागले तरी तो विरघळत नाही. ओला असताना हा चिकट पदार्थ दुधाळ दिसतो, सुकल्यावर पारदर्शक होतो. म्हणून सुकलेला रंग किंचित गडद दिसतो. वैशाखात खामगाव-मलकापूरकडे, घाटाखाली, पातळ हात बघता बघता सुकतो. तिथे रंगाच्या ताटलीवर पाण्याचा फवारा मारत राहावे लागते. पावसाळ्यात तोच रंग रेंगाळतो.

महाराष्ट्रात या रंगाआधी त्याला पोसणारी घराणी उभी राहिली होती. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. त्यातून कॅम्लिन कंपनी झाली आणि शाळकरी मुलांच्या दप्तरात रंग आले. १९५९ मध्ये सुरू झालेल्या पिडिलाइट कंपनीच्या फेव्हिक्रिल रंगांनी अ‍ॅक्रिलिकला घरातल्या बायकांच्या हाती, साड्यांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर नेले. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलेला शिकवायला गेले आणि पुढे अ‍ॅक्रिलिककडे वळले. १९८३ चे त्यांचे ‘सौराष्ट्र’ हे लाल-केशरी, पेटत्या रंगांचे भव्य चित्र याच माध्यमातले आहे.

उठाव आणायची रीत गवंड्याला चटकन कळेल. अ‍ॅक्रिलिकच्या चिकट द्रव्यात संगमरवराची पूड किंवा खडूची भुकटी मिसळून लगदा करायचा, तो थापीने किंवा बोथट सुरीने कॅनव्हासवर ओढायचा, ओला असतानाच कंगव्याने, गोणपाटाने, दोरीने ठसे उमटवायचे. एकदम जाड थर दिला तर तडे जातात. म्हणून पातळ हात, सुकणे, पुन्हा हात. मग उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने पिवळा फिरवायचा आणि खोलगटात पातळ निळा जिरू द्यायचा. खिडकीतून तिरपा उजेड आला की प्रत्येक उंचवटा आपली सावली घेऊन उभा राहतो.

या चित्रांतला आनंद नुसत्या भडक रंगांचा नसतो. तो माध्यमाच्या स्वभावात आहे. बिघडलेली जागा तासाभरात सुकते आणि तिच्यावर नवा रंग चढतो. खालची चूक वरच्या रंगाला खडबडीत बळ देते. पुढचा हात नेहमी शिल्लक असतो, हीच या माध्यमाची आशा आहे.

अशी आशा बुलढाण्याला नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घटमांडणी होते. मधोमध पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, भोवती वर्तुळात अठरा धान्ये. दुसऱ्या पहाटे त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. पोळ्याला बैलांची शिंगे रंगतात, अंगावर गेरूचे ठिपके उमटतात, पीक कसेही असो. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंतींवर रंगवलेले झाड आणि पाढे दिसतात. माती, धान्य, ढेकूळ, ठिपका हे सगळे आधीच उठावदार आहे. या जिल्ह्यात चित्रकलेला बसणाऱ्या मुलाने परदेशी नमुन्यांची नक्कल करू नये. त्याने आपल्या शेताची माती चाळावी, लगद्यात मिसळावी आणि पहिला थर तिचाच द्यावा. या रंगाला ती सहज धरून ठेवता येते.