देहान्त प्रायश्चित्त आणि नेवाशाची वाट



नेवाशाला पैसाचा खांब आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्याला कवेत घेतले असेल. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, या खांबाला टेकून माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. एवढे आपल्या मुलाबाळांनाही पाठ असते. पण माउली नेवाशाला कोणते दुःख पाठीशी घेऊन आली आणि गावात शिरताना तिने पहिले काम कोणते केले, याचे चिंतन आपण क्वचितच करतो. आज ते करू. विषय जड आहे. तरीही आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात वारकऱ्याला अशा घरी सांत्वनाला जावे लागते, जिथला माणूस आपल्या हाताने आपले आयुष्य संपवून गेलेला असतो. तिथे काय बोलावे, आणि असा प्रसंग येण्याआधीच काय करावे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

आधी कथा पाहू. आपेगावचे विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले. गुरूंना कळले की घरी पत्नी आहे, तेव्हा त्यांच्याच आज्ञेने ते परत संसारात आले. आळंदीच्या समाजाने या कुटुंबाला वाळीत टाकले. रूढ शकांप्रमाणे निवृत्तिनाथ शके ११९५ चे, ज्ञानदेव ११९७ चे, सोपानदेव ११९९ चे आणि मुक्ताई १२०१ ची. मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला, तेव्हा विठ्ठलपंतांनी धर्मसभेला विचारले, आमच्या दोषाला प्रायश्चित्त काय? उत्तर मिळाले, देहान्त. मुलांना तरी समाज जवळ करील या आशेने विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी तीर्थात देह ठेवला. कोणी इंद्रायणी सांगतात, कोणी प्रयाग सांगतात.

आता पुढचा भाग नीट ऐका. त्या दोघांच्या जाण्याने मुलांचा प्रश्न सुटला का? नाही सुटला. मुंज झाली नाही, बहिष्कार उठला नाही. उलट चार पोरकी लेकरे शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट चालू लागली. मुक्ताई तेव्हा आठ वर्षांची असेल. आपण गेलो की घरच्यांचे ओझे उतरेल, असे ज्या ज्या माणसाला वाटते त्याने ही वाट डोळ्यांपुढे आणावी. ओझे उतरत नाही. ते लहान खांद्यांवर जाते.

आणि ज्या शास्त्राच्या नावाने हा निर्णय दिला गेला, ते शास्त्र तरी काय सांगत होते? धर्मग्रंथांत कलिवर्ज्यांची एक यादी आहे. पूर्वी चालत असेल, पण कलियुगात करू नये, अशी कर्मे तिच्यात सांगितली आहेत. ब्राह्मणाला मरणात संपणारे प्रायश्चित्त देणे हेही त्या यादीत वर्ज्य म्हणून आले आहे. कड्यावरून किंवा अग्नीत देह टाकण्याची जुनी मुभाही तिथेच बंद केली आहे. म्हणजे शास्त्राने जे दार लावून घेतले होते, ते माणसांनी आपल्या कठोरपणाने उघडले आणि दोन जीव त्यातून बाहेर गेले. विठ्ठलपंतांचा इतिहास आपण पूज्यभावाने सांगतो आणि सांगावाच. पण त्यांच्या मृत्यूला आदर्श म्हणू नये. ती त्या काळच्या समाजाची हार आहे.

पैठणहून भावंडे नेवाशाला आली. परंपरा सांगते की गावात शिरताना त्यांना एक बाई भेटली. तिने ज्ञानदेवांच्या पायावर डोके ठेवले आणि त्यांच्या तोंडून अखंड सौभाग्याचा आशीर्वाद निघून गेला. लोक म्हणाले, महाराज, हिचा पती गेला आहे आणि ही त्याच्यामागे सती निघाली आहे. माउलींनी विचारले, त्याचे नाव काय? सच्चिदानंद, असे कळले. सत्, चित् आणि आनंद यांना मरण कसे येईल, असे म्हणून त्यांनी त्या पुरुषाला उठवले. तोच पुढे ज्ञानेश्वरीचा लेखक झाला.

कोणी या कथेतला चमत्कार मानील, कोणी मानणार नाही. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. ज्या मुलाचे आईबाप मरणाच्या निर्णयामुळे गेले, त्या मुलाने नेवाशात पहिले पाऊल टाकले ते मरणाकडे निघालेल्या एका बाईला परत फिरवण्यासाठी. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी त्यानंतर आली. आपल्या संप्रदायाचा हा क्रम आहे. आधी माणूस वाचवायचा, मग ग्रंथ सांगायचा.

इथे कोणी शंका घेईल. बुवा, आत्मघात करणाऱ्याला घोर नरक आहे असे ग्रंथांत लिहिले आहे ना? लिहिले आहे. पराशरस्मृतीत चौथ्या अध्यायात अतिमान, अतिक्रोध, स्नेह किंवा भय यांमुळे जीव देणाऱ्याला साठ हजार वर्षांचा अंधार सांगितला आहे, आणि त्याचे सुतक धरू नये, त्याच्यासाठी अश्रूही ढाळू नयेत असे म्हटले आहे. पण ही वचने जिवंत माणसासाठी घातलेले कुंपण आहे. शेताचे कुंपण आत शिरणाऱ्याला अडवण्यासाठी असते; त्याचे काटे उपटून कोणी शेतकऱ्याच्याच अंगावर मारीत नाही. दशक्रियेच्या प्रवचनात, समोर ती आई आणि ती विधवा बसलेली असताना, जो वक्ता हा नरक रंगवतो त्याला या वचनांचे प्रयोजन कळलेले नाही.

शिवाय शास्त्र तिथेच थांबलेले नाही. अशा मृत्यूसाठी नारायणबळी सांगितला आहे आणि त्यानंतर श्राद्धाचा अधिकार दिला आहे. म्हणजे त्या जीवाला परमेश्वराच्या दारातून कायमचे हाकलले, असे शास्त्राचेही म्हणणे नाही. ईशावास्याच्या तिसऱ्या मंत्रात आत्महन् लोकांना अंधाराचे लोक मिळतात असे आहे. त्यावर शंकराचार्यांचे भाष्य पाहा. आत्महन् म्हणजे आत्म्याला न ओळखणारे अज्ञानी, असा अर्थ ते करतात. त्या अर्थाने आपण सगळेच थोडेफार तिथले आहोत. तेव्हा गेलेल्यावर न्याय करण्याच्या भरीला पडू नये. त्याचे नाव घेऊन नामस्मरण करावे आणि मागे राहिलेल्यांना जवळ घ्यावे.

दुसरी शंका समाधीची. माउलींनी शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली, मग देह ठेवण्यात दोष काय? ही तुलना कोणी मनातही आणू नये. संजीवन समाधी हे योग्याचे जीवितकार्य पुरे झाल्यावरचे, गुरूंच्या आज्ञेने आणि सर्व संतांच्या मेळ्यात झालेले कर्म आहे. तिथे निराशा नव्हती, लपवाछपवी नव्हती. दुःखाने कोंडलेला माणूस एकटा, रात्री, कोणाला न सांगता निघतो. या दोन वाटा एकमेकींना कुठेही मिळत नाहीत. देह पिळणाऱ्या तपाचा निषेध तर भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात केला आहे. देहाला छळणारा आत असलेल्या मलाच छळतो, असा त्याचा भाव आहे.

तिसरी शंका मोक्षाची. मेलो म्हणजे सुटलो, देवाच्या पायाशी गेलो. पण वारकऱ्याने मोक्ष मागितला कधी? आपल्या संतांनी देवाकडे पुन्हा जन्म मागितला, पुन्हा संतसंग आणि कीर्तन मागितले. आणि ज्या देवाकडे जायचे म्हणता, तो तर पुंडलिकाच्या शब्दाखातर विटेवर उभा आहे, अजून थांबला आहे. तुम्हीही एक रात्र थांबा. सकाळी कोणाशी तरी बोला.

तुकोबांचे चरित्र आठवा. १६३० चा दुष्काळ, घरात अन्न नाही, पत्नी गेली, मुलगा गेला, दुकान बुडाले, गावात मान गेला. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ज्या डोहात माणूस जीव टाकायला जातो, तिथे त्यांनी कागद टाकले. कर्ज हा कागद आहे, माउली. तो फाटतो, बुडतो, त्याची मुदत वाढते. माणूस पुन्हा लिहून मिळत नाही.

आणि मदत कशी करावी, हे मुक्ताईकडून शिकावे. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीचे दार लावून आत बसले. ताटीचे अभंग त्या प्रसंगाचे आहेत. धाकटी बहीण दाराशी उभी राहिली, बोलत राहिली, दार उघडा म्हणून विनवत राहिली. ज्ञानियांच्या राजालाही आपले दार उघडण्यासाठी बाहेरून कोणीतरी हाक मारावी लागली. मग तुम्हाआम्हाला ती लागली तर त्यात कमीपणा कसला?

म्हणून फडावर, दिंडीत, गावच्या हरिपाठात डोळे उघडे ठेवा. नेहमी टाळ घेऊन येणारा यायचा थांबला, त्याची झोप उडाली, अन्न तुटले, ‘आता माझी वाट पाहू नका’ असे बोलू लागला, तर त्याच्या घरी जा. स्पष्ट विचारा, जिवाचे बरेवाईट करण्याचे मनात येते का? विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, उलट ओझे हलके होते. हो म्हणाला तर उपदेश करू नका, त्याला एकटे सोडू नका. घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे सोबत जा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस, मोफत चालू आहे. त्यावर मराठीतून बोलता येते. पोलिसांची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच धरून त्याला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ताप आल्यावर आपण गोळी घेतो आणि नामही घेतो. मन आजारी पडल्यावरही तसेच करावे.

आणि हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात आजच तो अंधार असेल, तर माउली, हा अंक खाली ठेवा आणि जवळच्या माणसाला हाक मारा, नाहीतर तो क्रमांक फिरवा. पसायदानात माउलींनी दुष्टांसाठीही प्रेमच मागितले. त्यातून तुम्ही वगळले गेलेले नाही. पुढच्या वेळी नेवाशाला याल तेव्हा खांबाला टेकून थोडा वेळ बसा. आईबाप गमावलेला पंधरा वर्षांचा मुलगा तिथे बसून साऱ्या जगाचे भले मागून गेला आहे.

रामकृष्णहरि.